लागणे (क्रियापद)

लागणे : मराठीतील अकर्मक क्रियापद. मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृत ‘लग्’ धातूशी त्याचे नाते निर्विवाद. मतभेद आहे तो मधल्या टप्प्याविषयी. प्राकृत ‘लग्ग-’ हे ‘लग्न’ या धातुसाधितापासून आले की ‘लग्यति’ अशा कल्पित रूपापासून, हा प्रश्न ध्वनिनियमांनी सुटत नाही. ‘ग्न’ आणि ‘ग्य’ या दोहोंचे प्राकृतात ‘ग्ग’च होते; अग्नि–अग्गि–आग आणि योग्य–जोग्ग–जोगा असे दोन्हीकडचे दाखले मिळतात. जुन्या मराठीतील ‘तुजलागीं’ (तुझ्यासाठी) हे याच कुळातले.

भूक, नोकरी, निकाल, नाते यांच्याशी होणारे प्रयोग सर्वपरिचित आहेत. सहायक क्रियापद म्हणून अर्थ कर्त्याच्या विभक्तीवर ठरतो : ‘ती भाकरी करायला लागली’ यात आरंभ, ‘तिला भाकरी करायला लागली’ यात सक्ती. पहिल्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, दुसऱ्यात भाकरीप्रमाणे (‘तिला भाकऱ्या करायला लागल्या’). कर्ता गाळला की नुसते ‘भाकरी करायला लागली’ दोन्हीकडे ओढता येते.

कोल्हापूरच्या बोलीतील ‘काय करालाईस?’, ‘पाऊस पडालाय’ ही चालू क्रियेची रूपे बहुधा ‘-आयला लागला आहे’ झिजून झाली असावीत. ‘-आयला’ला थेट ‘आहे’ जोडले गेले, असेही मानता येते. पण मग ‘तो करालाय, ती करालीय’ हा लिंगभेद उलगडत नाही. शेजारच्या उत्तर कर्नाटकी कन्नडमधील ‘माडाकत्तीनि’ (करतो आहे) यातही ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, सुरू होणे हेच क्रियापद दडले आहे. हे साम्य निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. कोणी कोणाकडून उचलले, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊसशेतीत ‘लागण’ म्हणजे लावणी; तिचे तीन हंगाम : आडसाली जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ‘सुरू’ नावाचा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. लागणीचा ऊस तुटल्यावर फुटणारे पीक खोडवा, त्यानंतरचे निडवा. रोगाची ‘लागण’ही याच शब्दाने सांगतात, त्यामुळे ‘लागण झाली’ हे उसाबद्दल ऐकताना संदर्भ पाहावा लागतो. गुऱ्हाळात पाक दाटल्यावर ढवळणे थांबले तर तो काहिलीच्या बुडाला ‘लागतो’ आणि गूळ काळपट पडतो; म्हणून साधारण 115 ते 118 अंश सेल्सिअसच्या सुमारास काहील उतरवण्याची वेळ गुळव्या (गूळ करणारा कारागीर) ठरवतो.

तालमीत कुस्ती ‘लागते’ म्हणजे जोड ठरते; ढाक ‘लागली’ म्हणजे डाव साधला.