डोळ्यावरचे शाईचे ठिपके

आत्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी एक गोष्ट पाहिली आणि तिच्यामागचं कारण शोधता शोधता बरंच काही हाती लागलं. थेंब घालून झाले होते, हिरवा गाऊन चढवला होता. आता आत नेऊन आडवं करतील असं वाटत असताना डॉक्टरांनी तिला तपासणीच्या यंत्रासमोर स्टुलावर बसवलं. "आजी, पाठ ताठ ठेवा. मान कलती करू नका. लांब बघा." आणि बुबुळाच्या कडेला, जिथे काळं संपून पांढरं सुरू होतं तिथे, डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे जांभळ्या शाईचे दोन ठिपके उमटवले.

आत्यानं चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. नंतर ती म्हणाली, "कापडावर खडूच्या खुणा करतो ना, तशा माझ्या डोळ्यावर केल्या." उपमा अगदी नेमकी होती. कापड उभ्या धाग्यावर बेतायचं की उरेब, यावर ब्लाऊज अंगावर कसा बसणार ते ठरतं. तिच्या डोळ्यात बसणाऱ्या लेन्सलाही अशीच दिशा होती. अशा लेन्सला टोरिक लेन्स म्हणतात.

तिच्या जुन्या चष्म्याच्या चिठ्ठीवर उजव्या डोळ्यापुढे तीन आकडे होते: स्फेरिकल ०, सिलिंड्रिकल −२.००, अ‍ॅक्सिस (म्हणजे त्या नंबराची दिशा, अंशांत) ८५. म्हणजे साधा नंबर नाहीच, होता तो फक्त सिलिंड्रिकल नंबर, म्हणजेच अ‍ॅस्टिग्मॅटिझम. चष्मा काढला की स्टँडवर लागलेल्या एसटीची पाटी तिला गमतीशीर दिसायची. अक्षरांची शिरोरेघ ठळक, पण काने मात्र पसरलेले, एकाचे दोन झाल्यासारखे. आडव्या रेषा स्पष्ट आणि उभ्या पुसट.

असं का होतं? डोळ्याच्या एकूण ताकदीतला साधारण दोन तृतीयांश वाटा बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे कॉर्नियाचा असतो. हा पडदा चेंडूच्या तुकड्यासारखा सगळीकडून सारखाच गोल असेल, तर प्रकाश एका बिंदूत गोळा होतो. पण पुष्कळांचा कॉर्निया तसा नसतो. डोक्यावर हंडा ठेवायला कापडाची चुंबळ करतात ती आठवा. तिच्या बाहेरच्या कडेवरून बोट फिरवलं तर गोलाई मोठी लागते, आणि तिथेच वरून खाली बोट आणलं तर लहान. एकाच जागी दोन वेगळे बाक. गणितात या आकाराला टोरस म्हणतात आणि टोरिक लेन्स हे नाव त्यावरूनच आलं. आत्याचा कॉर्निया आडव्या दिशेला जास्त बाकदार होता, त्यामुळे त्या दिशेचा प्रकाश डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) अलीकडेच गोळा व्हायचा आणि उभ्या रेषा फिसकटायच्या.

घरात कुणाच्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर तो हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि गाडीच्या स्टिअरिंगसारखा हळूहळू फिरवा. चौकटीची उभी बाजू कलायला लागेल. नुसता साधा नंबर असलेल्या काचेतून ती जागची हलत नाही.

हा दोष पहिल्यांदा नीट मोजला तो टॉमस यंग यानं, स्वतःच्याच डोळ्यात, १८०१ साली. प्रकाश लहरींचा बनलेला आहे हे दाखवून देणारा यंग तो हाच. आपल्या डोळ्याची ताकद उभी आणि आडवी सारखी नाही हे त्याच्या लक्षात आलं. मग दोष बाहेरच्या पडद्यात आहे की आतल्या भिंगात? त्यानं एका छोट्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग काढलं, ते एका टोपणात मेणानं पक्कं केलं, त्यात गार पाणी भरलं आणि ते टोपण थेट डोळ्याला लावलं. पाण्यात बुडाल्यावर कॉर्नियाचं वाकवण्याचं काम जवळजवळ बंद पडतं. तरीही दोष होता तेवढाच राहिला. म्हणजे यंगचा दोष आतल्या नैसर्गिक भिंगात होता. मला हा प्रयोग फार आवडतो: हातात मेण आणि पाणी, पण डोक्यात प्रश्न अगदी स्वच्छ.

इलाज सापडला तो जॉर्ज एअरीला. हा पुढे इंग्लंडचा राजखगोलशास्त्रज्ञ झाला. डाव्या डोळ्यानं प्रकाशाचा ठिपका त्याला रेघेसारखा दिसायचा. त्यानं हिशेब करून एका बाजूनं गोल आणि दुसऱ्या बाजूनं नळीसारखा बाक असलेली काच इप्सविचच्या फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली आणि १८२५ मध्ये केंब्रिजला त्यावर निबंध वाचला. आज कुठल्याही गावातला चष्मेवाला जी काच बसवून देतो, तिची सुरुवात इथे आहे.

मोतीबिंदूत आतलं नैसर्गिक भिंग गढूळ होतं आणि ऑपरेशनमध्ये तेच काढून टाकतात. आमच्या आजोबांच्या पिढीत भिंग काढलं की मागे काहीच ठेवत नसत. मग नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा. कृत्रिम लेन्स डोळ्यात ठेवण्याचं धाडस केलं हॅरल्ड रिडली यांनी, २९ नोव्हेंबर १९४९ रोजी, लंडनच्या सेंट टॉमस हॉस्पिटलमध्ये. युद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात गेलेले अ‍ॅक्रिलिकचे तुकडे डोळ्याला फारसा त्रास देत नाहीत, हे त्यांनी पाहिलं होतं. लेन्स त्याच जातीच्या प्लॅस्टिकची केली. पण त्या पहिल्या रुग्ण बाईंच्या नंबरचं काय झालं, ते सहसा सांगितलं जात नाही. ऑपरेशननंतर त्यांचा नंबर −१८ आला आणि वर −६ सिलिंड्रिकल! लेन्स डोळ्यात राहते हे सिद्ध झालं, पण तिचा नंबर काढायची विद्या अजून यायची होती.

भारतात ही लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला १९९२ उजाडावं लागलं. त्या वर्षी मदुराईच्या अरविंद नेत्रसंस्थेनं ऑरोलॅब काढली आणि परदेशी लेन्स जिथे शंभर डॉलरच्या आसपास पडायची, तिथे दहा डॉलरच्या घरात लेन्स मिळू लागली.

योगायोग असा की त्याच वर्षी जपानमध्ये किमिया शिमिझू यांनी पहिली टोरिक लेन्स डोळ्यात बसवली. कल्पना सोपी आहे. नाहीतरी भिंग बदलायचंच आहे, तर कॉर्नियाच्या उलट चुंबळ त्या भिंगातच घडवायची, म्हणजे दोन्ही दोष एकमेकांना खाऊन टाकतील. पण शिमिझूंच्या त्या लेन्स एका जागी राहिनात. तीन महिन्यांनी पाहिलं तर सुमारे पाचातली एक ३० अंश किंवा त्याहून जास्त फिरलेली. साधी लेन्स डोळ्यात गोल फिरली तर कुणाला पत्ताही लागत नाही, कारण ती सगळीकडून सारखीच. टोरिक लेन्सला मात्र फिरणं परवडत नाही.

किती परवडत नाही, याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीतला आहे. लेन्स ठरल्या दिशेपासून जितके अंश ढळेल, त्याच्या साइनची दुप्पट करा आणि मूळ सिलिंड्रिकल नंबरानं गुणा. तेवढा नंबर शिल्लक राहतो. १ अंश ढळली तर साधारण साडेतीन टक्के, १० अंश ढळली तर एक तृतीयांशाहून थोडा जास्त. ३० अंशांची साइन अर्धी, तिची दुप्पट एक. म्हणजे ३० अंश फिरलेली टोरिक लेन्स असून नसल्यासारखी! सिलिंड्रिकल नंबर होता तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. आणि काटकोनात गेली तर नंबर दुप्पट.

आता ते अंश केवढे असतात ते बघा. कॉर्नियाचा व्यास साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास. त्याच्या कडेवर १ अंश म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. शाईचा ठिपका अश्रूंत अर्धा मिलिमीटर फिसकटला की पाच अंश त्यातच गेले.

ठिपके माणसाला बसवून का करायचे, याचं उत्तरही अंशांतच आहे. माणूस पाठीवर झोपला की बहुतेकांचा डोळा खोबणीतल्या खोबणीत चाकासारखा दोन ते चार अंश फिरतो, काहींचा दहाच्याही पुढे. सगळी मोजमापं बसून घेतलेली असतात आणि ऑपरेशन होतं झोपून. म्हणून आडवी रेषा बसलेली असतानाच आखून घ्यायची आणि टेबलावर तिच्यापासून कोन मोजायचा. काही ठिकाणी आता यंत्र बसलेल्या डोळ्याचा फोटो घेतं, पांढऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या ओळखतं आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकात थेट रेषा आखून दाखवतं. शाई लागत नाही. पण नीट केलेली शाईची खूणही चांगलं काम देते.

आत गेल्यावरचं काम हातोटीचं आहे. अडीच मिलिमीटरच्या आसपासच्या चिरेतून घडी घातलेली लेन्स आत सोडतात. ती उलगडते ती मूळ भिंगाच्याच पिशवीत, जिची मागची भिंत मधोमध मिलिमीटरच्या जेमतेम अडीचशेव्या भागाइतकी पातळ. लेन्सच्या कडेला दोन्ही बाजूंना बारीक खुणा असतात. तिला पिशवीत धरून ठेवणारे तिचे पाय असे वळलेले असतात की ती घड्याळाच्या काट्यांसारखी सहज फिरते, उलटी फिरायला कुरकुरते. म्हणून डॉक्टर तिला मुद्दाम दहा-पंधरा अंश आधी थांबवतात, ऑपरेशनपुरतं डोळ्यात भरलेलं जेल धुऊन काढतात आणि शेवटी हलकेच पुढे सरकवून खुणेवर आणतात. लेन्सच्या मागे जेल राहिलं तर ती साबणावरून घसरल्यासारखी फिरते. फिरायची ती बहुधा पहिल्या काही तासांतच. नंतर काही आठवड्यांत पिशवी आकसून तिला घट्ट धरते. खूपच ढळली असेल तर त्याआधीच पुन्हा आत जाऊन सरळ करावी लागते.

मोजमापातले खाचखळगे याहून जास्त आहेत, आणि माझं मत विचाराल तर अर्धी लढाई तिथेच असते. चष्म्याच्या नंबरावरून टोरिक लेन्स ठरवता येत नाही, कारण चष्मा पूर्ण डोळ्याचा दोष सांगतो आणि आतलं भिंग तर जाणार. यंगला मोतीबिंदू होऊन आजच्यासारखं ऑपरेशन झालं असतं, तर त्याचा सिलिंड्रिकल नंबर गढूळ भिंगाबरोबर बशीत गेला असता! उलट, ज्यांच्या चष्म्यात असा नंबर कधी नव्हता त्यांना ऑपरेशननंतर तो दिसू शकतो. म्हणून मोजायचा तो कॉर्निया. तोही कोरड्या डोळ्यावर मोजला तर आकडे रोज वेगळे येतात. शिवाय यंत्र वर्षानुवर्षं कॉर्नियाची पुढची बाजूच बघत आलं. मागची बाजूही सरासरी ०.३ नंबराचा घोळ घालते हे अमेरिकेतल्या डग्लस कोक यांनी २०१२ मध्ये ठसवलं, आणि त्यानंतर हिशेबाची सूत्रंच बदलली.

आपल्याकडे, विशेषतः उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्यांत आणि किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांत, डोळ्यात मांस वाढलेलं दिसतं. ते बुबुळावर चढलं की कॉर्नियाला ओढून वाकडं करतं. आधी ते काढायचं, कॉर्निया स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि मगच मोजायचं. घाई केली तर लेन्स आज असलेल्या दोषासाठी बसते आणि दोष उद्या बदलतो.

मोतीबिंदूच्या रुग्णांपैकी साधारण तिघांतल्या एकाला १ नंबराहून जास्त असा दोष असतो. सगळ्यांना टोरिक लेन्स हवीच असं नाही. दोष थोडा असेल तर डॉक्टर चीर जास्त बाकाच्या बाजूला घेतात. चीर जिथे असते तिथे कॉर्निया जरासा सपाट होतो. याला जादा पैसे लागत नाहीत, फक्त आधी कागद नीट बघावा लागतो. कॉर्नियावर जुना व्रण असेल, कॉर्नियाच शंकूसारखा पुढे आलेला असेल किंवा मागचा पडदाच खराब असेल, तर बहुतेक वेळा ही महागडी लेन्स घेऊन फारसा उपयोग नाही.

आणि हो, हॉस्पिटलच्या काउंटरवर मिळणाऱ्या रंगीत दरपत्रकाबद्दल. आमच्या हातात आलेल्या पत्रकात टोरिक आणि मल्टिफोकल एकाच 'प्रीमियम' रकान्यात कोंबलेल्या होत्या. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. साधी टोरिक लेन्स दिशेचा दोष काढते, पण जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवत नाही; ते काम मल्टिफोकलचं. समजावणाऱ्या मुलीला मी विचारलं की अ‍ॅक्सिस कशानं मोजला, तर ती वॉरंटीबद्दल बोलायला लागली.

आत्याची लेन्स १७५ अंशांवर बसवायची ठरली होती. चिठ्ठीवर ८५ आणि इथे १७५ कसं, असं तिनं विचारलंच. चष्म्याच्या वजा नंबराची दिशा आणि लेन्सवरच्या खुणांची दिशा यांत काटकोन असतो, एवढंच. आठवड्यानं बाहुली मोठी करून पाहिलं तर खुणा १७२ वर होत्या. तीन अंशांचा हिशेब केला: २ नंबरातले ०.२ शिल्लक, म्हणजे पाव नंबराहूनही कमी. डॉक्टर खूश. स्टँडवरची पाटी ती आता चष्म्याशिवाय वाचते, काने-मात्रांसकट. सुई ओवायला मात्र जवळचा चष्मा लागतोच.

तीन अंश हुकले म्हटल्यावर ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "तेवढं शिलाईत दाबून घेता येतं."