वर्ष उलटले म्हणून पोटगीची थकबाकी बुडत नाही

मुलाच्या पोटगीच्या जुन्या थकबाकीची नोटीस अचानक हाती पडली की ‘वर्ष उलटले, आता काही द्यावे लागत नाही’ असा दिलासा कोर्टाच्या आवारात फुकट मिळतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, एवढेच सांगते की रक्कम देय झाल्यापासून वर्षभरात अर्ज केला नसेल तर तिच्या वसुलीसाठी वॉरंट निघणार नाही. मुदत वॉरंटला आहे, हक्काला नव्हे. पूनगोडी विरुद्ध थंगवेल (२०१३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट करून दिवाणी दाव्याचा मार्ग खुला असल्याचे सांगितले. ‘महिनाभर आत बसून आलो, हिशेब फिटला’ हेही खोटेच, कारण कुलदीप कौर प्रकरणात (१९८९) न्यायालयाने कैद हे वसुलीचे साधन मानले, फेड नव्हे.

नोटीस मिळालेल्याने अर्जाची तारीख आणि त्यात धरलेले महिने आधी तपासावेत, मग पासबुकातील नोंदी व मनीऑर्डरच्या पावत्या महिन्यांनुसार लावून वकिलाकडे जावे. पावतीविना हातात दिलेली रोकड मात्र सिद्ध करणे फार अवघड जाते.