केबिन जुनी, चॅसिस नवी: अमेरिकी पिकअपच्या अदलाबदलीची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकी पिकअपची केबिन उचलून एखाद्या नव्या गाडीच्या चॅसिसवर बसवली, की जाणकारांत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, गाडी वाचली. दुसरा म्हणतो, गाडी गेली, उरला तो नुसता पत्रा. मी पहिल्या तटातला आहे, आणि त्याचं कारण पिकअपच्या जन्मातच सापडतं. वरचं अंग एकाने बांधायचं आणि खालचा सांगाडा दुसऱ्याने, ही या गाडीची मूळची रीत आहे.

फोर्डने १९१७ मध्ये मॉडेल टीटी ही एक टन ओझं वाहणारी गाडी आणली. ६०० डॉलरला मिळायची ती फक्त चॅसिस. केबिन आणि हौदा ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे सुताराकडून किंवा बॉडी बांधणाऱ्याकडून करून घ्यायचा. हौद्यासकट कारखान्यातूनच तयार होऊन येणारी फोर्डची पहिली पिकअप १९२५ ची. ती मॉडेल टी च्या रनअबाउट या दोन आसनी उघड्या प्रकारावर बेतलेली होती आणि तिची किंमत होती २८१ डॉलर. पुढे केबिनही कारखान्यातच बनू लागली, तरी रचना तीच राहिली. शिडीसारखी पोलादी चौकट, तिच्यावर बोल्टने बसवलेली केबिन आणि मागे वेगळा बोल्ट केलेला हौदा. ओझं घेऊन खाचखळग्यांतून जाताना चौकट पिळवटते. केबिन आणि हौदा सुटे असल्यामुळे तो पीळ पत्र्यापर्यंत पोहोचत नाही. १९६१ मध्ये फोर्डने केबिन आणि हौदा एकाच अंगात जोडून पाहिले, तेव्हा ओझ्याखाली दरवाजे अडकतात अशा तक्रारी आल्या आणि काही वर्षांतच तो प्रयोग गुंडाळला गेला. आज केबिन उचलून दुसरीकडे ठेवता येते ती या बोल्टांच्या कृपेने.

मग जुनी चॅसिसच का ठेवू नये? १९४७ च्या उन्हाळ्यात आलेली शेव्हरोलेची अॅडव्हान्स डिझाइन मालिका घ्या. गोल बॉनेट, रुंद मडगार्ड. डोळ्यांना इतकी सुखावणारी पिकअप क्वचितच झाली असेल. पण खाली वाका. पुढेमागे अखंड आक्सल, पाट्यांच्या स्प्रिंगा, पुढची चाकं ज्यांच्यावर वळतात त्या किंगपिन नावाच्या उभ्या खिळी, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकच्या तेलाची एकच वाट. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. २१६ घनइंचाच्या सहा सिलिंडरी इंजिनाची ताकद जेमतेम ९० अश्वशक्ती, विजेची यंत्रणा ६ व्होल्टची, आणि मागच्या आक्सलचं गुणोत्तर असं, की थोडा वेग घेतला तरी इंजिन ओरडू लागे. शेतावरून गावात आणि गावातून शेतावर जायला हे सगळं पुरेसं होतं. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचं काम सुरू झालं आणि रस्त्यांचा वेगच बदलला. त्या वेगासाठी ही चॅसिस कधी आखलेलीच नव्हती.

कारखान्यांनाही ते दिसत होतं. शेव्हरोलेने १९६० मध्ये पिकअपच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, फोर्डने १९६५ मध्ये ट्विन आय-बीम, म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकाला वेगळी दांडी, आणलं. आधीच्या गाड्यांच्या मालकांनी मात्र आपली सोय आपणच लावली. १९६७ मध्ये आलेल्या शेव्हरोलेच्या कॅमॅरो या कारच्या पुढच्या भागाला सुटी होणारी उपचौकट होती. तिच्यावर इंजिन, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन एकत्र बसलेलं असे. भंगारातल्या कॅमॅरोची किंवा शेव्हरोलेच्याच नोव्हा कारची ती उपचौकट कापून जुन्या पिकअपच्या चौकटीला वेल्ड करायची, याला ‘क्लिप लावणं’ म्हणत. फोर्डच्या १९७४ च्या मस्टँग टू या कारचं पुढचं सस्पेन्शन आटोपशीर होतं, रॅक-अँड-पिनियन म्हणजे दातेरी पट्टी आणि दातेरी चाकाच्या स्टीअरिंगसह. त्याच आराखड्यावर पुढे तयार किट निघाली आणि आजही निघतात. पण यात अर्धी चौकट जुनीच राहायची, आणि सगळी भिस्त वेल्डिंग करणाऱ्याच्या हातावर असायची. सांधा तिरका बसला तर गाडी जन्मभर एका बाजूला ओढत राहणार.

पूर्ण चॅसिसच बदलण्याच्या कल्पनेला खरं बळ दिलं ते शेव्हरोलेच्या एस-१० या छोट्या पिकअपने. अमेरिकेत ती १९८२ ते २००४ या मॉडेल वर्षांत विकली गेली आणि पुढे भंगाराच्या आवारांत मुबलक मिळू लागली. तिच्या लांब हौद्याच्या प्रकाराचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, जवळपास ११८ इंच. जुन्या अर्ध्या टनी शेव्हरोलेचा ११६. दोनच इंचांचा फरक! चौकट तेवढी आखूड करायची किंवा हौदा तेवढा सरकवायचा. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, १२ व्होल्टची वीज हे सगळं एका गाडीतून आयतं येतं. खोट एकच. एस-१० अंगाने अरुंद आहे, त्यामुळे जुन्या रुंद मडगार्डांखाली तिची चाकं आत दबलेली दिसतात. बाहेर येणाऱ्या रिमा घातल्या नाहीत तर हे ध्यान लांबूनही ओळखू येतं.

फोर्डवाल्यांना क्राउन व्हिक्टोरिया सापडली. पोलिसांची आणि टॅक्सीवाल्यांची ही गाडी २०११ पर्यंत बनत होती. २००३ मध्ये तिला रॅक-अँड-पिनियन स्टीअरिंग आणि पुढे बोल्टने सुटणारी अॅल्युमिनियमची आडपट्टी मिळाली, म्हणून जोडकाम करणारे २००३ नंतरचीच शोधतात. व्हीलबेस ११४.७ इंच, तर १९४८ च्या फोर्ड एफ-१ चा ११४. आकडे इतके जुळतात की मोह होतोच. अडचण उंचीत आहे. क्राउन व्हिक्टोरियाची चौकट प्रवाशांच्या बाहेरून वळसा घालून जाते आणि गाडीचा तळ त्या दोन दांड्यांच्या मधे खाली उतरतो. जुन्या पिकअपची केबिन मात्र चौकटीच्या डोक्यावर बसते. ती तशीच ठेवली तर उंटासारखी दिसते, खाली आणायची तर तळ कापावा लागतो. म्हणूनच पुष्कळ जण तिचं पुढचं सस्पेन्शन तेवढं घेतात आणि चौकट जुनीच ठेवतात. माझ्या मते बहुतेक वेळा तेच शहाणपणाचं आहे. जुनी चौकट गंजलेली किंवा वाकलेली नसेल तर ती टाकून देण्याची घाई करू नये.

ब्रेक नवे झाले तरी केबिन १९४८ चीच राहते, हेही ध्यानात असावं. धक्का शोषून घेणारी रचना तिच्या पत्र्यात नाही, आणि नवी चॅसिस ती देऊ शकत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन कंपन्यांच्या गाड्यांची कथा वेगळी आहे. अॅडव्हान्स डिझाइन शेव्हरोलेची कारखान्याच्या ओळख नंबराची पट्टी चालकाच्या दाराच्या खांबावर असते, म्हणजे ओळख केबिनबरोबर जाते. फोर्ड एफ-१ चा नंबर चौकटीच्या उजव्या दांडीवर ठोकलेला असतो. चौकट भंगारात गेली की तोही गेला. खाली आलेल्या नव्या चॅसिसला १९८१ पासूनच्या नियमाप्रमाणे १७ अक्षरांचा स्वतःचा नंबर असतो, आणि असे नंबर खोडणं किंवा बदलणं हा संघराज्याच्या कायद्याने १९८४ पासून गुन्हा आहे. अशा गाडीची नोंद जुनी म्हणून करायची, नव्याने बांधलेली म्हणून करायची की खालच्या चॅसिसच्या वर्षाने, हे प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी ठरवतं. म्हणून आपल्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात हा प्रश्न विचारायचा तो पहिला बोल्ट सैल करण्याआधी, आणि उत्तर लेखी घ्यायचं.