सर्व्हर उठतो, सेवा उठत नाही: पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात वीज जाऊन आली की लिनक्स सर्व्हर आपोआप सुरू होत असे, पण त्यावरची वेब सेवा बंदच राहत असे. कोणी हाताने रीस्टार्ट केली की तीच सेवा सुरळीत चाले. अशा वेळी सेवेचे कॉन्फिगरेशन उलटसुलट तपासण्यात दिवस जातो, पण दुखणे बहुधा तिथे नसतेच; नेटवर्क तयार होण्याआधीच सेवा उठू पाहते, हे ते दुखणे.

सर्व्हर सुरू होताना सेवा उठवण्याच्या जुन्या सिस्टिम फाइव्ह इनिट पद्धतीत प्रत्येक सेवेच्या स्क्रिप्ट (छोट्या आज्ञावली) क्रमांकानुसार एकामागून एक चालत. रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सच्या त्या काळच्या आवृत्त्यांत नेटवर्कचा क्रमांक 10 आणि वेब सर्व्हरचा 85 असे, त्यामुळे वेब सर्व्हरची पाळी येईपर्यंत नेटवर्कची स्क्रिप्ट आपले काम आटोपून गेलेली असे. पद्धत संथ होती, पण नेटवर्क आधी तयार असण्याची ही हमी कोणालाही वेगळी मागावी लागत नव्हती.

2006 मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीने सेवा उठवण्यासाठी अपस्टार्ट आणले. 2010 मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सिव्हर्स यांनी त्याच कामासाठी सिस्टिमडी पुढे आणले, आणि फेडोरा 15 (2011), रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 (2014) व डेबियन 8 (2015) यांनी ते स्वीकारले. आता सेवा एकाच वेळी सुरू होऊ लागल्या; वेग वाढला आणि न मागता मिळणारी ती हमी गेली.

खरी गफलत नावामुळे होते. सिस्टिमडीत ‘टार्गेट’ म्हणजे सर्व्हर सुरू होतानाचा एक टप्पा. ‘नेटवर्क डॉट टार्गेट’ म्हणजे नेटवर्क सांभाळणारी प्रणाली सुरू झाली एवढेच; सर्व्हरला नेटवर्कवरचा आयपी पत्ता मिळाला, असा त्याचा अर्थ नाही. त्यासाठी ‘नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट’ आहे. मात्र सेवेच्या युनिट फाइलमधली (सेवा कशी उठवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल) ‘आफ्टर’ ही ओळ केवळ क्रम ठरवते, ते टार्गेट ओढून आणत नाही. म्हणून ‘वॉन्ट्स’ची ओळही हवी आणि नेटवर्क तयार होईपर्यंत थांबणारी वेट-ऑनलाइन सेवा एनेबल केलेली हवी. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अर्धीच दुरुस्ती करून थांबलेली युनिट फाइल पुन्हा पुन्हा पाहायला मिळते.

अंबडच्या त्या सर्व्हरवर बूटच्या (सुरू होतानाच्या) नोंदी दाखवणारी ‘जर्नलसीटीएल -बी’ ही आज्ञा चालवल्यावर ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ (मागितलेला पत्ता देता येत नाही) ही ओळ आधी दिसली आणि पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळाल्याची नोंद तिच्या चार सेकंदांनंतर. वीज आल्यावर नेटवर्क स्विचलाही सुरू व्हायला वेळ लागत होता आणि सेवा ठरावीक पत्त्यालाच बांधलेली होती. सर्व पत्त्यांवर ऐकणारी शेजारची एसएसएच सेवा (दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याची) त्याच बूटमध्ये निर्वेध उठली होती.