सापाचं पिल्लू, पावसाळी उजेड आणि दोन मीटरचं अंतर
कॅमेरा व लेन्स भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जून लागला की बेळगावातल्या टिळकवाडीच्या आमच्या दुकानात मॅक्रो लेन्स (अगदी जवळून छोट्या गोष्टी मोठ्या टिपणारी) विचारणाऱ्यांची रीघ लागते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट ही ठिकाणं ठरलेली. बेडूक, कोळी, बुरशी यांच्यासाठी लेन्स न्या, आनंदाने देतो. पण "सापाची पिल्लं दिसतात म्हणे, त्यासाठी हवी" असं कोणी म्हटलं की आम्ही मॅक्रो परत कपाटात ठेवतो आणि टेलिफोटो, म्हणजे लांबून टिपणारी लेन्स, काढतो. बरेच जण नाराज होतात. कारण सांगतो.

१०० मिमीच्या मॅक्रोने पूर्ण मोठं चित्र घ्यायचं तर काचेपासून पिल्लू वीतभर अंतरावरसुद्धा राहत नाही. त्यात पावसाळ्यातलं खानापूरचं जंगल म्हणजे दुपारी बारालाही संध्याकाळ. दिसत नाही म्हणून माणूस पुढे सरकतो, फोकस लागत नाही म्हणून आणखी सरकतो. उजेडाची अडचण पाय पुढे टाकून सोडवायची नाही, सामानाने सोडवायची. एवढं पटलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

पिल्लू म्हणून सोडून देऊ नका

घोणस अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. साधारण वीस ते चाळीस, उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या तोंडावर. जन्मतः वीतभरापेक्षा थोडी मोठी, आणि पहिल्या दिवसापासून विषारी. चापडा हा विषारी सापही पिल्लंच देतो. नागाची अंडी दोनेक महिन्यांत फुटतात आणि बाहेर आलेलं बोटाएवढं जाड पिल्लू लगेच फणा काढतं. "लहान आहे, काय करणार" हे वाक्य आमच्या काउंटरवर फार वेळा ऐकलंय.

त्याहून मोठा घोळ ओळखीचा. एक ग्राहक दुरक्या घोणसाचे फोटो म्हणून कार्ड घेऊन आले. दुरक्या बिनविषारी, म्हणून निवांत, जवळून काढलेले. स्क्रीनवर मोठं करून बघतो तर पाठीवर साखळीसारख्या सुट्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी, तिकोनी डोकं, बारीक मान. खरी घोणस होती ती! दुरक्याची मान अशी वेगळी दिसत नाही, शेपूट आखूड आणि नक्षी वेडीवाकडी, एकमेकांत मिसळलेली. अजगराच्या पिल्लाबाबतही हीच गफलत होते. बिनविषारी कवड्या आणि विषारी मण्यार यांचं तर विचारूच नका, ओल्या मातीवर अंधारात दोन्ही काळे पट्टेदारच दिसतात. ओळख घरी गेल्यावर फोटोवरून पटवायची. जागेवर प्रत्येक पिल्लू विषारीच धरायचं.

म्हणून आमचा नियम दोन मीटरचा. वीतभर पिल्लू दोन मीटर झेप घेत नाही हे आम्हालाही कळतं. पण एक दिसलं म्हणजे त्याची भावंडं त्याच पाचोळ्यात असू शकतात आणि तुमची नजर तर व्ह्यूफाइंडरमध्ये. याच कारणाने पोटावर झोपून फोटो काढू नका. फिरत्या स्क्रीनची बॉडी न्या, ट्रायपॉडचे पाय पसरून खाली करा आणि बसायच्या आधी जागा काठीने नीट तपासा.

दोन मीटरवरून उजेड कसा सांभाळायचा

क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) बॉडीवर ३०० मिमीची लेन्स लावली की दोन मीटरवरून दहा ते पंधरा सेंटीमीटर रुंदीची चौकट मिळते. वेटोळं घातलेलं पिल्लू त्यात छान बसतं. अट एवढीच की लेन्सने तितक्या जवळ फोकस करायला हवा. काही करतात, काही नाही. नेण्याआधी दुकानातच बघून घ्या. इथे फोकसची खोली, म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा, जेमतेम सेंटीमीटरभर असते, म्हणून डोळ्यावर फोकस धरा आणि लेन्सचं छिद्र एफ ८ च्या आसपास ठेवा. मग आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० लागेल. लागू दे. दाणेदार फोटो साफ करता येतो, हललेला येत नाही. लेन्समधला स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, सापाची जीभ नाही. चापड्यांच्या काही जातींची पिल्लं शेपटीचं टोक अळीसारखं वळवळवून बेडकाला भुलवतात. ते टिपायचं असेल तर शटर १/२५० च्या खाली नेऊ नका.

काळ्या मातीवरच्या काळ्या सापाला कॅमेरा उगाच उजळवतो, तिथे एक्स्पोजर पाऊण स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). धुक्यात उलट, थोडं वाढवा. ओल्या खवल्यांवरची पांढरी चकाकी पोलरायझर फिल्टरने बरीच जाते, पण दीड स्टॉप उजेड खातो. आमच्या मते पावसाळ्यात तो व्यवहार परवडतो. गर्द झाडीत सगळ्यावर हिरवट झाक येते, त्यामुळे नंतर रंग सुधारता येणारी रॉ फाइलच ठेवा.

कवडशांचं दुखणं वेगळं. अर्धं पिल्लू लख्ख, अर्धं गडप. सकाळी ऊन तिरपं असताना सोबत्याने लांब उभं राहून छत्री धरली तरी सावली तिथपर्यंत पोचते. दुपारी सावली पायाशीच पडते, म्हणजे छत्री घेऊन सापाजवळ जावं लागेल. नको. ढग येईपर्यंत चहा घ्या.

फ्लॅश वापराल तर कमी ताकदीचा आणि पूरक म्हणूनच. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. डोळे मिटून घ्यायची सोय त्याला नाही. धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश पाण्याच्या कणांवर आपटून चित्रभर पांढरे ठिपके देतो, त्यापेक्षा सोबत्याने बाजूने, पण तितक्याच अंतरावरून, एलईडी धरावा. पिल्लाला काडीने हलवणं, बरणीत घालून "चांगल्या उजेडात" नेणं हे आमच्या सामानाने करू नका. साप पकडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका. रात्री तर गवे आणि अस्वलंही फिरतात.

कृष्णाकाठच्या ग्राहकांसाठी

चिकोडी, रायबाग, अथणीकडून मगरीच्या पिल्लांसाठी लेन्स नेणारेही आहेत. तिथे दोन मीटरचा नियम चालत नाही. मादी पिल्लांना तोंडात धरून पाण्यात नेते आणि नंतरही राखण करते. पिल्लू चिवचिवलं की ती आलीच समजा. काठावर उतरायचंच नाही. उंच दरडीवरून किंवा पुलावरून, ४०० मिमीच्या पुढची लेन्स लावून, सकाळी लवकर.

चावलाच तर

अंगठी, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, यातलं काही नाही. १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. प्रतिविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनतं, चापड्यासाठी नाही. म्हणून लांबून काढलेला फोटो असेल तर डॉक्टरांना दाखवा. नसेल तर काढायला परत जाऊ नका. गावात कोणी मंत्राने विष उतरवतो म्हणालं तर हात जोडा आणि गाडी सुरू करा.

सामान परत आणताना

मांडुळाच्या तस्करांपायी जागा गुप्त ठेवणं गरजेचं झालंय, म्हणून फोटो काढण्याआधीच मोबाइलचं लोकेशन बंद करा. गाडीत एसी लावला असेल तर लेन्स बॅगेतच राहू दे, नाहीतर बाहेर काढताक्षणी काचेवर बाष्प धरतं. रेनकव्हर आणि सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात आम्ही भाड्यातच देतो. ओली लेन्स पुसून बॅगेत कोंबू नका, तशीच उघडी घेऊन या, आम्ही वाळवतो. काचेत बुरशी धरली तर मात्र डिपॉझिटमधून कापावं लागतं, त्यावर नंतर वाद नको.