कार्पची गळमासेमारी: साधी काठी आणि आधुनिक सामान (सातारा-सांगली)

रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) असले कार्प कुळातले गोड्या पाण्यातले मासे जाळं न लावता गळाने धरणं म्हणजे कार्पची गळमासेमारी. सातारा-सांगलीकडे हे दोन तऱ्हांनी चालतं. जुनी तऱ्हा म्हणजे कळकाची काठी, तंगुसाची (नायलॉनची) दोरी, एक गळ, शिशाचा तुकडा, मोरपिसाच्या देठाचा तरंगा आणि कणकेचा उंडा, बास. नवी तऱ्हा मोबाईलवरचे व्हिडिओ बघून आली, तिच्यात बारा फुटी कार्बनचा रॉड, रीळ, ब्रेडेड म्हणजे विणलेली दोरी, हेअर रिग (गळाची एक खास जोडणी, पुढे सांगतो), मेथड फीडर (वर पिठाचा लगदा दाबून फेकायचं वजन), रॉड ठेवायचा स्टँड आणि मासा लागला की वाजणारा अलार्म असं सगळं येतं. मासा दोन्हीने मिळतो, पण आपलं पाणी कसलं आहे हे न बघताच पोरं आधी सामान घेतात आणि मग नदीकाठापासून दहा फुटांवरच्या डोहात तो बारा फुटी रॉड घेऊन बसतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी मासा समजून घ्या. रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले, कृष्णा-कोयनेत ते मत्स्यबीज सोडून आले. १९५७ साली हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्पची पैदास करून दाखवली, तिथून पुढे बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) हवी तेवढी तयार करता यायला लागली आणि धरणं, तळी भरत गेली. सायप्रिनस तर बाहेरचाच, त्याची एक जात १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणली आणि दुसरी १९५७ मध्ये बँकॉकहून. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) १९५९ चे. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात, मृगळ आणि सायप्रिनस तळाचा गाळ उकरतात, चंदेरा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो म्हणून तो गळाला सहसा लागतच नाही. त्यामुळे गळ किती खोल सोडायचा हे कुठला मासा पाहिजे त्यावर ठरतं.

कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो खाणं पाण्यासकट तोंडात ओढतो, चाचपतो आणि खटकलं तर लगेच बाहेर फेकतो. अक्षरशः क्षणाचा खेळ असतो हा, आणि साधी काठी काय किंवा महागडी रिग काय, सगळी धडपड त्या क्षणात गळ ओठात रुतावा म्हणून आहे.

साध्या पद्धतीत हे काम तरंगा आणि डोळा करतो. कणीक घट्ट मळायची, तिच्यात भिजवलेली शेंगपेंड, थोडी हळद, कुणी भाजलेल्या मेथीची पूड टाकतं, कुणी हिंग, कराड-वाळव्याकडे गुऱ्हाळाची काकवी हाताशी असते ती एक चमचा घातली की गोळा पाण्यात लवकर विरघळत नाही आणि वासही सुटतो. गोळा बोराएवढा, गळाचं टोक जेमतेम झाकेल असा. बसायच्या आधी अर्धा तास पेंड आणि कोंड्याचे मुटके एकाच जागी टाकून ठेवायचे, शक्य असेल तर आदल्या संध्याकाळीच, कारण मासा तिथे येऊन निवांत खायला लागला पाहिजे. मग पाण्याकडे बघायचं. एकाच ठिकाणी सारखे बुडबुडे येत असतील तर तो गाळातला गॅस, पण बारीक बुडबुड्यांची रांग हळूहळू सरकत असेल तर खाली मासा तळ उकरत चाललाय. रोहू लागला तर तरंगा दोन-तीनदा हबकतो आणि तिरपा खाली जातो. सायप्रिनसचं उलटं, तो तळावरचा गोळा तोंडात घेऊन वर उचलतो, शिशाचं वजन निघून गेलं की तरंगा वर येतो आणि आडवा पडतो, नवखा माणूस तिथे वाट बघत बसतो आणि तेवढ्यात मासा गोळा थुंकून मोकळा होतो. आडवा पडताक्षणी काठी उचलायची. हे एकदा डोळ्यात बसलं की माहुलीचा संगम असो नाहीतर हरिपूरचा, काठी-तंगुसाचं काम भागतं.

दोन्हीच्या मधलाही एक प्रकार आपल्याकडे भरपूर चालतो. तारेची स्प्रिंग, तिला चार-सहा गळ लोंबणारे, स्प्रिंगवर पिठाचा लाडू दाबायचा आणि हाताने गरगरा फिरवून लांब फेकायचं, दोरी बाटलीवर नाहीतर फळीवर गुंडाळलेली, काठाला खुंटी आणि तिला घुंगरू. स्वस्त आहे, मासाही येतो, पण पोटात, डोळ्यात, कुठेही गळ घुसतो, छोटा मासा परत सोडला तरी जगत नाही. मला हा प्रकार पटत नाही, एक गळ पुरे.

आता आधुनिक पद्धत. ती मुख्यतः इंग्लंडमध्ये वाढली आणि तिकडची परिस्थिती डोक्यात घेतल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही. तिकडे छोटी खाजगी तळी, काठावर गर्दी, आणि पकडलेला कार्प फोटो काढून परत पाण्यात. तोच मासा कित्येकदा पकडला जातो, त्यातून तो शिकतो, दोरी ओळखतो, गोळा ओळखतो, मग त्याला फसवायला दरवर्षी नवीन काहीतरी लागतं. आपल्याकडे लागलेला रोहू संध्याकाळी रश्शात जातो, त्यामुळे पाण्यात उरलेल्या माशांना गळाचा अनुभवच नसतो. तिकडच्या सामानातलं निम्मं सामान शिकलेल्या माशासाठी आहे, ते आपल्या नदीवर आणून उपयोग काय?

आणि तिकडचेही मोठे मासे साध्या आमिषावरच निघालेत. रिचर्ड वॉकर यांनी १३ सप्टेंबर १९५२ ला रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे साधारण २० किलोचा कार्प धरला तो पावावर. त्याहून मोठा धरला ख्रिस येट्स यांनी, १९८० मध्ये, त्याच तळ्यात, साडेएक्कावन्न पौंड, आणि आमिष काय तर मक्याचे दाणे. दोघांचे रॉड बांबूच्या चिरफळ्या चिकटवून केलेले. अर्थात वॉकर हे काही जुन्याला चिकटून बसणारे नव्हते, मासा लागल्याची खबर देणारा विजेवरचा अलार्म त्यांनीच बनवून वापरला होता.

तिकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र नक्की आहे, हेअर रिग. लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स यांनी ती १९८० च्या आसपास काढली. गळाला काहीच लावायचं नाही, गळाच्या मागून एक-दीड सेंटिमीटर दोरा लोंबत सोडायचा आणि आमिष त्या दोऱ्यात ओवायचं. मासा आमिषाबरोबर मोकळा गळही ओढतो, खटकल्यावर थुंकतो तेव्हा आमिष आधी बाहेर जातं आणि उघडं टोक खालच्या ओठात अडकतं. सोबत पन्नास-शंभर ग्रॅमचं शिसं असेल तर मासा दचकून पळतो आणि गळ आपोआप रुततो. उकडलेल्या मक्याचे दोन दाणे ओवले तर सायप्रिनसला आपल्याकडेही हे जबरदस्त चालतं, आणि खर्च एका दोऱ्याचा. चिलापी आणि बारकी मासळी कणकेचा गोळा कुरतडून संपवतात, कडक मका टिकतो, हा वरचा फायदा.

रॉड-रीळ खरोखर लागतं ते धरणावर. धोम, कण्हेर, उरमोडीच्या काठाला उन्हाळ्यात पाणी मागे सरतं, पुढे लांबपर्यंत उथळ चिखल, मासा पन्नास-साठ मीटरवर, तिथे कळकाची काठी घेऊन बसण्यात अर्थ नाही. मोठा कटला लागला तर ढिल्या ड्रॅगचं (म्हणजे ताण आला की सुटणाऱ्या ब्रेकचं) रीळ दोरी सोडत राहतं, काठीला बांधलेली दोरी तुटते. नदीवर बंधाऱ्याच्या खालच्या पाण्यातही रॉड बरा. पण डोहाच्या कडेला, उंबर-जांभळीच्या सावलीत मासा काठालगत असतो, तिथे लांब फेकणारा माणूस माशाच्या डोक्यावरून पलीकडे गळ टाकतो.

सांगलीत रॉड घ्यायला अजून एक कारण आहे, मगरी. भिलवडी, औदुंबर, ब्रम्हनाळ या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत. गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ टाकायची जुनी सवय इथे सोडायलाच पाहिजे, वर दरडीवर बसा, मासा जाळीने उचला, पाण्यात हात घालून धुऊ नका, विशेषतः तिन्हीसांजेला.

धरणांत मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची बोटुकली त्यांनी पैसे घालून सोडलेली असते, तेव्हा आधी विचारून, पावती असेल तर पावती करूनच बसायचं. कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा जलाशय सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या भागात येतात, तिथे हौसेने गळ घेऊन जायचं नाही. तुटलेली तंगुसाची दोरी गोळा करून घरी आणा, बगळे-पाणकावळ्यांच्या पायात ती अडकते आणि पक्षी तडफडून मरतात. जून-जुलैत पहिल्या पुराबरोबर रोहू-मृगळ अंडी घालायला वर चढतात, पोट फुगलेली मादी लागली तर गळ हलक्या हाताने काढून तिला सोडून द्या, काठी कळकाची असो की कार्बनची.