राजाच्या बरगडीत साठलेली दोन वर्षे

इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड 22 ऑगस्ट 1485 रोजी बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, तेव्हा तो अवघा 32 वर्षांचा होता. थोरला भाऊ चौथा एडवर्ड एप्रिल 1483 मध्ये वारल्यावर रिचर्ड गादीचा वारस असलेल्या 12 वर्षांच्या पुतण्याचा पालक झाला. पण भावाचे लग्नच बेकायदा ठरवून जुलैमध्ये त्याने स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. त्यानंतर पुतण्या आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवर या किल्ल्यातून कायमचे दिसेनासे झाले. त्याच वर्षी बंड उसळले, पुढच्या वर्षी रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा गेला, मार्च 1485 मध्ये राणी गेली आणि ऑगस्टमध्ये गादीवर हक्क सांगणाऱ्या हेन्री ट्यूडरने त्याचे राज्यही हिरावून घेतले. त्याचे शव लेस्टर शहरातील एका मठात पुरले गेले. पुढे मठ पाडला गेला आणि विसाव्या शतकात त्या जागी मोटारी उभ्या राहू लागल्या.

ऑगस्ट 2012 मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिथे पहिला चर खणला आणि त्याच दिवशी माणसाच्या पायांची हाडे लागली. खड्डा देहाच्या मानाने तोकडा होता. शवपेटी नव्हती, डोके कडेला टेकून उचललेले राहिले होते, आणि पाठीचा कणा इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला होता.

हा बाक महत्त्वाचा आहे, कारण ट्यूडर राजवटीत रिचर्डला पाठीवर कुबड आणि वाळलेला हात असलेला राक्षस म्हणून रंगवले गेले. हाडे वेगळे सांगतात. त्याला कुबड नव्हते. कणा बाजूला झुकण्याचा स्कोलिओसिस हा विकार होता, आणि तो वयात येताना सुरू झाला असावा. उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा उंच दिसला असेल, पण नीट बेतलेल्या कपड्यांत ते सहज झाकले गेले असते. दोन्ही हात धड होते. या कण्यानिशी तो घोड्यावर बसला आणि शेवटपर्यंत लढला, हे मला त्याच्या शत्रूंनी लिहिलेल्या साऱ्या बखरींपेक्षा बोलके वाटते. सांगाड्यावर मृत्यूच्या सुमारास झालेल्या 11 जखमा सापडल्या. त्यांपैकी 9 कवटीवर होत्या, म्हणजे त्या वेळी डोक्यावर शिरस्त्राण उरले नसावे.

मात्र सर्वांत जवळून पाहण्यासारखी गोष्ट आहे ती त्याची बरगडी. दाताचे कवच बालपणी एकदा घडते आणि पुढे बदलत नाही. हाड मात्र आयुष्यभर झिजते आणि नव्याने भरत राहते. मांडीच्या जाड हाडात शेवटच्या दहा-पंधरा वर्षांच्या आहाराची सरासरी मिळते, तर बरगडी लवकर बदलत असल्याने तिच्यात अखेरची दोन ते पाच वर्षेच उमटतात. रिचर्डच्या बरगडीतील नायट्रोजनचे जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे जरा जड अणू) मांडीच्या हाडापेक्षा वाढलेले होते, म्हणजे आहारात मासे आणि शिकार करून आणलेल्या पक्ष्यांचे प्रमाण वाढले होते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाणही बदलले होते. एरवी असा बदल दिसला की माणूस दुसऱ्या मुलखात राहायला गेला, तिथले पाणी प्याला, असा अर्थ काढतात. पण या काळात तो तसा कुठे गेला नव्हता. म्हणून संशोधकांनी निष्कर्ष काढला की वाढले होते ते वाइनचे प्रमाण. राज्याभिषेकानंतरच्या मेजवान्यांचा काळ असा हाडात उतरला. ओटीपोटाच्या भागातील मातीत जंतांची अंडीही सापडली. कवटीतल्या मातीत ती नव्हती, म्हणजे ती त्याच्या पोटातलीच असावीत. राजवाड्यातले जेवणही त्याला जंतांपासून वाचवू शकले नाही.

ओळख पटली ती मायटोकॉन्ड्रियल डीएनएमुळे. तो फक्त आईकडून मुलांना मिळतो, त्यामुळे रिचर्डच्या बहिणीपासून लेकींच्या ओळीने खाली येत शोधलेल्या आजच्या वंशजांशी तो जुळवता आला. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राने मात्र अनपेक्षित उत्तर दिले. रिचर्डचा पूर्वज राजा तिसरा एडवर्ड याच्यापासून पुरुषांच्या ओळीने आलेले मानल्या जाणाऱ्या आजच्या व्यक्तींशी ते जुळले नाही. त्या लांब साखळीत कुठेतरी कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. नेमके कोणत्या पिढीत, ते यावरून सांगता येत नाही.

रिचर्डला 26 मार्च 2015 रोजी लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरण्यात आले. त्याच्यावरचा सर्वांत मोठा आरोप पुतण्यांच्या खुनाचा. त्याबद्दल त्याची स्वतःची हाडे काहीच सांगू शकत नाहीत. पण 1674 मध्ये टॉवरमधील एका जिन्याखाली दोन मुलांची हाडे मिळाली होती, ती आज लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये एका कलशात आहेत. 1933 मध्ये कलश उघडून ती तपासली गेली, तेव्हा डीएनए चाचणी हा प्रकारच नव्हता. ती मुले खरोखर रिचर्डच्या सख्ख्या भावाची असतील, तर काकाचे आणि पुतण्यांचे वाय गुणसूत्र एकच असायला हवे. आणि काकाचे गुणसूत्र आता आपल्या हाती आहे.